आरसिंक सर्व्हरवर एकाच वेळी येणारे क्लायंट कसे सांभाळावेत

संध्याकाळी शाखांचं काम आटोपतं, आठच्या ठोक्याला तीसही शाखांचा बॅकअप एकदम सुटतो आणि मुख्य कार्यालयातला सर्व्हर धापा टाकायला लागतो. पतसंस्था असो, औषधांचा वितरक असो की ठिकठिकाणी कलेक्शन सेंटर असलेली पॅथॉलॉजी लॅब, आरसिंकवर, म्हणजे एका मशीनवरच्या फाइली दुसऱ्यावर नेऊन ठेवणाऱ्या प्रोग्रॅमवर, डेटा गोळा करणाऱ्या जागी नव्याने रुजू झालेल्या माणसापुढे हा प्रश्न लवकरच येतो. लगेच नवा सर्व्हर मागायची घाई करू नका. पुष्कळदा मशीन पुरेसं असतं. एका वेळी किती जणांना आत घ्यायचं आणि बाकीच्यांनी काय करायचं, हे कुणी ठरवलेलं नसतं.

ते कसं ठरवायचं हे इथे क्रमाने सांगतो. माझा भर कशावर आहे तेही आधीच सांगून टाकतो. सर्व्हरवर मर्यादा घालणं हे अर्धंच काम आहे. नकार मिळालेला क्लायंट, म्हणजे शाखेतलं मशीन, थोड्या वेळाने पुन्हा येईल अशी सोय नसेल, तर त्या मर्यादेने तुम्ही कुणाचा तरी बॅकअप बुडवता, आणि तोही कुणाला न कळता.

आधी बघा, क्लायंट कोणत्या वाटेने येतोय

आरसिंक १९९६ साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी लिहिलं. फाइलचा फक्त बदललेला भाग पाठवायचा, ही त्याची मूळ कल्पना. सर्व्हरपर्यंत जायच्या त्याच्या दोन वाटा आहेत. एक एसएसएचमधून, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या सुरक्षित जोडणीतून, आणि दुसरी आरसिंकच्या स्वतःच्या डीमनकडे, म्हणजे सर्व्हरवर पोर्ट ८७३ वर सतत वाट बघत बसलेल्या प्रोग्रॅमकडे. कमांडमध्ये सर्व्हरच्या नावापुढे एकच कोलन असेल तर ती एसएसएचची वाट. दोन कोलन असतील किंवा पत्ता आरसिंकच्या यूआरएलने सुरू होत असेल तर डीमनची.

हा फरक नीट बघून घ्या, कारण डीमनच्या कॉन्फिगरेशन फाइलमधल्या मर्यादा साध्या एसएसएचवरून येणाऱ्याला लागूच होत नाहीत. तिथे ती फाइल वाचलीच जात नाही. लोक त्या फाइलमधला मॅक्स कनेक्शन्सचा, म्हणजे एका वेळी किती जोडण्या घ्यायच्या त्याचा, आकडा बदलत बसतात आणि क्लायंट मात्र एसएसएचवरून बिनदिक्कत आत येत राहतात. एसएसएचच्या सेटिंगमधलं मॅक्स सेशन्स बघून ‘हीच ती मर्यादा’ असंही समजू नका. ते एका जोडणीतल्या सेशनपुरतं असतं, सगळ्या क्लायंटच्या बेरजेपुरतं नाही. मॅक्स स्टार्टअप्स हे तर अजून लॉगिन न झालेल्या जोडण्यांपुरतं.

यापुढचं सगळं डीमनबद्दल आहे. डीमनच्या वाटेने डेटा उघडा जातो, त्यामुळे शाखा इंटरनेटवरून येत असतील तर मध्ये व्हीपीएन हवाच. जुनं व्हर्जन चालवत असाल तर तेही आत्ताच बघा. जानेवारी २०२५ मध्ये ३.४.० व्हर्जन आलं, त्यात सुरक्षेच्या गंभीर त्रुटी दुरुस्त झाल्या आणि त्यातली सर्वांत वाईट त्रुटी नेमकी डीमनमधली होती. तुमच्या लिनक्स डिस्ट्रिब्यूशनने ती दुरुस्ती जुन्या नंबरच्या पॅकेजमध्येच दिलेली असू शकते, म्हणून नुसता व्हर्जन नंबर न बघता अपडेट झालंय का ते तपासा.

सेशन मोजायचे कसे

मुख्य डीमन प्रत्येक क्लायंटसाठी स्वतःची एक वेगळी प्रोसेस काढून देतो. इथे नवख्या माणसाची मोजणी चुकते. क्लायंट डेटा पाठवत असेल, म्हणजे सर्व्हर तो घेत असेल, तर घेणाऱ्या बाजूला दोन प्रोसेस असतात: कोणती फाइल हवी ते ठरवणारी जनरेटर आणि आलेला डेटा लिहिणारी रिसीव्हर. म्हणजे प्रोसेसच्या यादीत आरसिंक सतरा वेळा दिसलं, तर त्यातला एक मुख्य डीमन आणि उरलेल्या सोळा म्हणजे प्रत्यक्षात आठच शाखा. क्लायंट सर्व्हरवरून डेटा नेत असेल तर मात्र एका सेशनला एकच प्रोसेस.

म्हणून प्रोसेस मोजू नका, जोडण्या मोजा. एसएस कमांडने पोर्ट ८७३ वरच्या एस्टॅब्लिश्ड जोडण्या काढल्या की खरा आकडा मिळतो, आणि कोणत्या आयपीवरून कोण आलंय तेही दिसतं. काहीही बदलण्याआधी तीन-चार दिवस संध्याकाळच्या वेळात दर मिनिटाला हा आकडा एका फाइलमध्ये नोंदवून ठेवा. सोबत आयओस्टॅटने डिस्कची स्थितीही टिपत जा. पुढचा सगळा निर्णय या दोन आकड्यांवर उभा राहतो. ते हाताशी नसतील तर तुम्ही अंदाजपंचे काम करताय.

मर्यादा किती ठेवायची: हिशेब मांडा

मॅक्स कनेक्शन्सची मूळ किंमत शून्य असते आणि इथे शून्याचा अर्थ ‘कितीही येऊ दे’ असा आहे. हे तसंच सोडू नये.

आकडा काढताना एक उदाहरण घेऊ. तीस शाखा, प्रत्येकीचा रोजचा बदललेला डेटा साधारण ३०० एमबी, शाखेच्या लाइनचा अपलोड वेग १० एमबीपीएस, मुख्य कार्यालयाची लाइन १०० एमबीपीएस. दहा एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी. त्या वेगाने ३०० एमबी जायला चार मिनिटं लागतात. आठ शाखा एकदम आल्या तर ८० एमबीपीएस भरतात आणि वीस टक्के लाइन बाकीच्या कामाला उरते. म्हणजे लाइनच्या बाजूने आकडा आठ. आता एकूण काम बघा: तीस शाखा गुणिले चार मिनिटं म्हणजे १२० मिनिटं, भागिले आठ, बरोबर १५ मिनिटं. ज्या कामापायी सर्व्हर रात्री दहापर्यंत रडतो, ते काम मुळात पाव तासाचं आहे.

मग एवढा वेळ कुठे जातो? डिस्कवर. डेटा हलायच्या आधी आरसिंक दोन्हीकडच्या फाइलींच्या तारखा आणि साइज ताडून बघतं. शाखेच्या फोल्डरमध्ये लाखभर छोट्या फाइली असतील, तर लाखभर ठिकाणी बघावं लागतं. फिरत्या हार्ड डिस्कला अशा इकडेतिकडे विखुरलेल्या नोंदी सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचता येतात. एक सेशन असलं तर डिस्कचं डोकं त्यातल्या त्यात जवळजवळ फिरतं. तीस सेशन एकदम आली की ते टोकापासून टोकापर्यंत हेलपाटे घालतं आणि कुणाचंच काम पुढे सरकत नाही. एसएसडी असेल तर हा जाच पुष्कळ कमी होतो.

म्हणून दोन आकडे काढा, एक लाइनचा आणि एक डिस्कचा, आणि त्यातला लहान तो घ्या. डिस्कचा आकडा कागदावर निघत नाही, करून बघावा लागतो. चारपासून सुरुवात करा, आयओस्टॅटमधला अवेटचा रकाना (डिस्कला एका मागणीला उत्तर द्यायला लागणारा वेळ) बघत दर दोन-तीन दिवसांनी दोनने वाढवा. अवेट एकदम उसळी मारून वर गेला की एक पायरी मागे या. माझ्या मते शंका असेल तेव्हा आकडा लहानच ठेवावा. सहा जण झपाट्याने उरकून बाहेर पडणं हे बारा जण रेंगाळण्यापेक्षा केव्हाही बरं.

डिस्कवरचा भार क्लायंटच्या कमांडवरही ठरतो. चेकसम हा पर्याय लावला की तारीख-साइजवर न भागता जवळजवळ प्रत्येक फाइल दोन्हीकडे अख्खी वाचली जाते. रोजच्या बॅकअपला त्याची गरज नसते. एखाद्या शाखेने तो लावून ठेवला असेल, तर डीमनच्या कॉन्फिगरेशनमधल्या रिफ्यूज ऑप्शन्समध्ये चेकसम लिहून सर्व्हरवरूनच तो नाकारता येतो. मेमरीचंही असंच आहे. आरसिंक ३.०.० पासून फाइलींची यादी तुकड्यातुकड्याने बनवतं, पण डिलीट-बिफोर, डिलीट-आफ्टर किंवा डिले-अपडेट्स लावलं की पूर्ण यादी आधी मेमरीत घ्यावी लागते. ती प्रत्येक सेशनची वेगळी. शाखेत आता नसलेल्या फाइली सर्व्हरवरूनही पुसायच्याच असतील तर डिलीट-ड्युअरिंग किंवा डिलीट-डिले वापरायला सांगा.

लॉक फाइलची भानगड

आता मॅक्स कनेक्शन्समध्ये आठ लिहिलं. डीमन ही मर्यादा पाळतो कशी, हे एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचे बरेच घोळ टळतील.

डीमन एक लॉक फाइल ठेवतो. मर्यादा आठ असेल तर त्या फाइलमध्ये आठ जागा धरल्या जातात. येणारं सेशन पहिल्या जागेवर कुलूप लावून बघतं. ती गेलेली असेल तर दुसरी, मग तिसरी. आठही गेलेल्या असतील तर नकार. हे कुलूप कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, ताब्यात असतं, त्यामुळे प्रोसेस कशीही मेली तरी जागा आपोआप मोकळी होते. ‘जुनं लॉक अडकलंय’ म्हणून लॉक फाइल पुसायचा मोह होतो, तो आवरा. चालू सेशनची कुलपं जुन्या फाइलवर राहतात, नव्या फाइलवर नव्याने आठ जागा मिळतात आणि मर्यादेचा पार बोऱ्या वाजतो.

दुसरी गोष्ट मॉड्यूलची, म्हणजे डीमनने एका नावाखाली उघडून दिलेल्या फोल्डरची. तुम्ही ‘शाखा’, ‘हिशेब’ आणि ‘स्कॅन’ असे तीन मॉड्यूल केले, तिन्हींना आठ-आठची मर्यादा दिली आणि लॉक फाइलबद्दल काहीच लिहिलं नाही, तर तिघंही एकच लॉक फाइल वापरतात. मग चोवीस नाही, मिळून आठच आत येतात. कधीकधी हेच हवं असतं, कारण डिस्क तिघांना एकच आहे. पण हिशेबाच्या मॉड्यूलला हमखास जागा मिळायलाच हवी असेल, तर त्याला वेगळी लॉक फाइल द्या.

आणि ही मर्यादा पासवर्ड विचारण्याच्या आधी तपासली जाते. म्हणजे चुकीचा पासवर्ड घेऊन आलेला किंवा पासवर्डपाशीच लटकलेला क्लायंटही एक जागा अडवतो. होस्ट्स अलाउची, म्हणजे कोणत्या आयपींना येऊ द्यायचं त्या यादीची, तपासणी मात्र त्याच्याही आधी होते. म्हणून होस्ट्स अलाउमध्ये शाखांचे आयपी नेमके लिहा. भलत्याला जागा मिळताच कामा नये.

मेलेली सेशन

शाखेतली वीज गेली, राउटर बंद पडला, कुणी लॅपटॉप मिटून घरी गेलं. सर्व्हरला यातलं काहीच कळत नाही. तो समोरून डेटा यायची वाट बघत बसतो आणि आठातली एक जागा अडून राहते. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये टीसीपी कीपअलाइव्हची, म्हणजे ‘जोडणी जिवंत आहे का’ अशी, पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी जाते आणि उत्तर न मिळाल्यास ७५ सेकंदांच्या अंतराने एकूण नऊ प्रयत्न होतात. म्हणजे मेलेली जोडणी कळायला दोन तासांहून जास्त वेळ. पावसाळ्यात ग्रामीण शाखा असतील तर एका संध्याकाळीत आठही जागा अशा भुतांनी भरू शकतात.

यावर उपाय एका ओळीचा आहे. टाइमआउट ६०० लिहा. दहा मिनिटं काहीच हाललं नाही तर डीमन सेशन तोडतो. क्लायंटने स्वतः टाइमआउट मागितलेला नसला तरी सर्व्हरचा आकडा लागू होतो. ही ओळ मूळ सेटिंगमध्ये नसते, आपणच घालायची असते. उत्साहाच्या भरात तीस सेकंद वगैरे लिहू नका. जुन्या डिस्कवर मोठ्या फोल्डरची यादी बनताना किंवा भलीमोठी फाइल ताडताना प्रामाणिक सेशनही काही वेळ गप्प राहू शकतं आणि ते हकनाक मारलं जाईल.

एखादं सेशन हाताने तोडायचंच झालं तर आधी लॉग बघा. लॉगमधल्या प्रत्येक ओळीत कंसात प्रोसेस नंबर असतो. एका नंबरची ‘कनेक्ट’ची ओळ, मॉड्यूलची ओळ आणि शेवटी पाठवलेल्या-आलेल्या बाइट्सची ओळ असा माग काढता येतो. सुरुवात आहे पण शेवट नाही, आणि जोडणीवर कितीतरी वेळ हालचाल नाही, तर तो नंबर धरून टर्म सिग्नल, म्हणजे बंद हो असा निरोप, द्या. मुख्य डीमनचा नंबर पिड फाइलमध्ये असतो, तो चुकून मारू नका.

नकार मिळाल्यावर क्लायंटने काय करायचं

जागा नसली की क्लायंटला ‘मॅक्स कनेक्शन्स (८) रीच्ड, ट्राय अगेन लेटर’ असा निरोप मिळतो आणि आरसिंक एक्झिट कोड ५ (काम कसं संपलं ते सांगणारा आकडा) देऊन बाहेर पडतं. शाखेतल्या स्क्रिप्टने हा कोड बघितलाच नाही तर गोष्ट तिथेच संपते. शाखेत कुणाला पत्ता नसतो, मुख्य कार्यालयात फोल्डर जुनंच राहतं आणि हे कळतं ते थेट डेटा परत हवा असतो त्या दिवशी.

स्क्रिप्टमध्ये फेऱ्या घाला. कोड शून्य आला तर काम झालं. पाच आला तर थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा, पण इथे एक मेख आहे: पासवर्ड चुकला किंवा मॉड्यूलचं नावच चुकीचं असलं तरीही कोड पाचच येतो. म्हणून निरोपातला मजकूर तपासा. ‘मॅक्स कनेक्शन्स’ हे शब्द असतील तरच फेरी मारायची; नसतील तर लगेच तुम्हाला मेल किंवा मेसेज यायला हवा. कोड ३० म्हणजे डेटा जाता-येता टाइमआउट झाला, कोड ३५ म्हणजे डीमनशी जोडणीच वेळेत झाली नाही. या दोन्हींवरही पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे. २४ म्हणजे यादी बनवल्यानंतर काही फाइली नाहीशा झाल्या. चालू फोल्डरचा बॅकअप घेताना हे होतं, फारसं मनावर घेऊ नये.

दोन फेऱ्यांमधलं अंतर ठरावीक ठेवू नका. नकार मिळालेले बावीस जण बरोबर पाच मिनिटांनी पुन्हा एकदम दारात उभे राहिले तर काय साधलं? पाच मिनिटं अधिक शून्य ते पाच मिनिटांमधली कोणतीही वेळ, असं काहीतरी ठेवा. सहा-सात फेऱ्यांनंतरही जागा नाही मिळाली तर थांबून कळवायचं.

आणि एकाच शाखेची दोन सेशन एकदम येऊ देऊ नका. कालचा बॅकअप रेंगाळलाय आणि आजचा सुरू झाला, असं होतं. शाखेतल्या मशीनवर कमांडच्या आधी फ्लॉक ही कुलूप लावणारी कमांड लावली की पहिलं चालू असताना दुसरं सुरूच होत नाही.

वेळ पसरवा

सगळ्यांत जास्त गुण इथे येतो. वरच्या उदाहरणात तीस शाखांचं मिळून १२० मिनिटांचं काम आहे. ते आठ ते नऊ या तासात नीट पसरलं तर सरासरी एका वेळी दोनच सेशन चालू असतात. आठची मर्यादा मग रोज लागणारी गोष्ट राहत नाही. लाइन तासभर बंद पडून एकदम चालू झाली, अशा दिवसासाठी ती राखीव राहते.

तीस शाखांची तीस वेळांची यादी हाताने करत बसायची गरज नाही. लिनक्सवर सर्व्हिस आणि वेळापत्रक सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या टाइमरमध्ये रँडमाइज्ड डिले सेक ३६०० द्या, म्हणजे प्रत्येक मशीन त्या तासात कधीतरी निघेल. फिक्स्ड रँडम डिले चालू केलं तर एका मशीनला रोज तीच वेळ मिळते आणि ‘अमुक शाखा आठ-वीसला येते’ हे तुम्हाला लॉगमध्ये ओळखू येतं. मला हेच आवडतं, कारण न आलेली शाखा चटकन डोळ्यात भरते. मशीन बंद असल्याने चुकलेली वेळ परत सुरू झाल्यावर भरून काढायची असेल तर पर्सिस्टंट चालू ठेवा. तो उशीर तिथेही लागू होतो, म्हणून सकाळी सगळी मशीन सुरू झाल्यावर झुंबड उडत नाही. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्येही ट्रिगरला रँडम डिले देता येतो.

एक शाखा, एक फोल्डर

आरसिंक येणारी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहितं आणि पूर्ण झाली की मूळ नाव देतं. त्यामुळे अर्धवट फाइल कुणाला दिसत नाही. पण दोन शाखा एकाच नावाची फाइल एकाच फोल्डरमध्ये पाठवत असतील तर जिचं काम शेवटी संपेल तिची फाइल राहते, दुसरीची गेली. त्यात एकीने डिलीट लावलेलं असलं तर ती दुसरीच्या फाइली पुसून टाकते. थेट मूळ फाइलवरच लिहिणारा इनप्लेस पर्याय लावलेला असेल तर तात्पुरत्या नावाचं संरक्षणही उरत नाही. प्रत्येक शाखेला स्वतःचं मॉड्यूल, स्वतःचा युजर आणि स्वतःचं फोल्डर द्या. पासवर्डची सीक्रेट्स फाइल इतरांना वाचता येत असेल तर डीमन ती मानत नाही, तिचे हक्क आधीच घट्ट करा. तीस मॉड्यूल लिहायचा कंटाळा येतो खरा, पण सगळ्यांची लॉक फाइल एकच ठेवली की आठची मर्यादा तीसही मॉड्यूलना मिळून लागू होते, आणि आपल्याला तेच हवं आहे.

सर्व्हर बंद करायचा असेल तेव्हा

कॉन्फिगरेशन फाइल प्रत्येक नव्या जोडणीच्या वेळी पुन्हा वाचली जाते. मॅक्स कनेक्शन्स, टाइमआउट, होस्ट्स अलाउ यांत केलेला बदल पुढच्या क्लायंटपासून लागू होतो. डीमनला हँगअप सिग्नल देऊ नये, रीस्टार्टही लागत नाही. पोर्ट किंवा पत्ता बदलला तरच रीस्टार्ट करा.

याचाच उपयोग सर्व्हर शांतपणे रिकामा करायला होतो. थेट सर्व्हिस थांबवली तर सिस्टिमडी चालू सेशनही मारून टाकतं. त्याऐवजी अर्धा तास आधी मॅक्स कनेक्शन्स उणे एक करा. उणे आकड्याचा अर्थ मॉड्यूल बंद. आत असलेले आपलं काम पुरं करून जातात, नवे आलेले नकार घेऊन परत फिरतात आणि त्यांच्या स्क्रिप्टच्या पुढच्या फेरीत पुन्हा येतात. एसएसने पोर्ट ८७३ वर एकही जोडणी उरलेली नाही हे बघा, मग डिस्क बदला, अपडेट करा, रीबूट करा. परत सुरू झाल्यावर तो आकडा आठ करायला विसरू नका, आणि त्या रात्री लॉगमध्ये तीसही शाखांची शेवटची ओळ आली का, ते मोजून मगच घरी जा.